एका वायरीची दोन टोकं

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेलेत. पत्र संपेपर्यंत ते तुझ्याकडे तात्पुरते ठेव.

काल आईचं कार्ड आलं. नेहमीप्रमाणे चार ओळी. पहिलीत तिचा गुडघा, दुसरीत बाबांचा खोकला, तिसरीत नळाला पाणी कमी येतं, आणि चौथीत, जणू हीही नळाइतकीच किरकोळ बाब, की धाकट्याने गाडीचं इंजिन काढून साखळीला टांगलंय आणि त्या जागी कॉम्प्युटरवालं बसवतोय. मी कार्ड उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचून संपलं तेव्हा बसलेली होते. दुकान बंद करून तुझे भावोजी जेवायला आले होते. माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, काढलंय.

अरे, चाळीस वर्षांचं इंजिन! बाबांनी स्वतःच्या हाताने तीनदा खोललेलं आणि तीनदा बांधलेलं. त्यांच्या गॅरेजात आलेल्या परक्या गाड्यांना त्यांनी कधी एवढा जीव लावला नाही. आपल्याला तरी कुठे लावला म्हणा. आणि तू, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, ज्याला वर आणि खाली या दोनच दिशा ठाऊक, तू ते उपटून काढतोस? त्यांना विचारलंस का? ते काय म्हणाले? की नेहमीसारखे काहीच म्हणाले नाहीत आणि तू त्यालाच होकार समजलास?

आता तू म्हणशील, ताई, तुला त्या गाडीचा एवढा पुळका कधीपासून? खरं आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी मला सकाळी दहाचं जहाज गाठायचं होतं. समुद्राच्या खोलीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत आरेखक म्हणून नेमणूक, बाविसावं वर्ष, हातात पत्र, डिकीत ट्रंक, बंदर साठ किलोमीटरवर. आणि तुझी ही लाडकी गाडी नुसती घुरघुरत राहिली. स्टार्ट घेतला नाही. नऊपर्यंत घेतला नाही. जहाज गेलं, माझी जागा यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या माणसाला मिळाली, आणि मी तेव्हापासून छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढते आहे. त्या दिवसानंतर मी त्या गाडीत पाय ठेवला नाही, ठेवणार नाही. पण पाय न ठेवणं वेगळं आणि तिचं काळीज काढून साखळीला टांगणं वेगळं. राग माझा आहे. तो तसाच राहायला गाडीही तशीच राहायला हवी.

फोन का केला नाही, हे तू विचारणार नाहीस. फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे.

सविस्तर उत्तर लिही. लोभ आहे, पण सध्या तो दाराबाहेर उभा आहे.

तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आशीर्वाद ठेवून घेतले आहेत, परत मिळणार नाहीत.

आधी बाबा. त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, गाडी तुझ्या नावावर केली तेव्हाच माझा तिच्याशी संबंध संपला. एवढं बोलून त्यांनी खुर्ची अंगणात आणली आणि गाडीकडे पाठ करून बसले. रोज बसतात, सकाळी आठ ते बारा. संबंध संपलेला माणूस रोज चार तास पाठ करून बसत नाही. मी पाना चुकीचा उचलला तर नुसत्या आवाजावरून त्यांना कळतं आणि ते खाकरतात.

नवं इंजिन तीन वर्षांचं आहे. ज्या गाडीतलं, तिला मागून ट्रकने चेपलं होतं, पुढे ओरखडासुद्धा नाही. मी इंजिन, त्याचा कॉम्प्युटर आणि त्याची चावी असं सगळं एकत्र उचललं, कारण हा कॉम्प्युटर आपल्या चावीशिवाय कोणाला ओळख देत नाही. फार शिष्ट आहे. फरक असा बघ. जुन्यात कार्बोरेटर होता, तो अंदाजाने पेट्रोल सोडायचा. नव्यात हवा किती आली, इंजिन किती तापलं, पाय किती दाबला, हे सगळं सेन्सर मोजतात, कॉम्प्युटर हिशेब करतो आणि नेमकं तेवढंच पेट्रोल पिचकारीने आत जातं. मी हे बाबांच्या पाठीला समजावून सांगितलं. पाठ म्हणाली, हे सगळं मी एका कानाने आणि एका स्क्रू-ड्रायव्हरने करायचो.

इंजिन बसवणं सोपं गेलं. खरी मजा वायरिंगची. नव्या इंजिनाबरोबर वायरींचं एक अख्खं जाळं येतं, साठ-पासष्ट वायरी, प्रत्येकीचा रंग वेगळा. ते मी कागदाच्या चिठ्ठ्या लावून वेगळं केलं. पण ते जोडायचं गाडीच्या जुन्या वायरिंगला, आणि तिथे मी तोंड उघडं टाकून बसलो. ताई, आपल्या गाडीतली एकूण एक वायर लाल आहे! दिवे लाल, भोंगा लाल, वायपर लाल. बाबांना म्हणे कुठल्याशा बंद होणाऱ्या दुकानातून लाल वायरीचं एक भलंमोठं रीळ मिळालं होतं, ते त्यांनी संपेपर्यंत वापरलं. मग ओळखायचं कसं? तर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना शिवणाचा दोरा बांधलेला. पिवळा, हिरवा, जांभळा. एकाच वायरीच्या दोन्ही टोकांना एकच रंग.

मी बाबांना विचारलं की हिरवा कशाचा. उत्तर आलं ते घरातून. आई मशीनवर उसवलेली उशी शिवत होती, मान वर न करता म्हणाली, हिरवा भोंग्याचा. पिवळा उजव्या दिव्याचा, पिवळ्यात काळा पीळ असेल तर डाव्याचा. मी एकेक रंग ओरडत गेलो आणि ती एकेक सांगत गेली. एकही चुकलं नाही. मी गार पडलो. गाडीचं बॉनेट कुठल्या बाजूला असतं हे हिला माहीत नसेल असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. ती म्हणाली, यांची बोटं जाड, गाठी मीच मारल्या.

एकच वायर विचित्र निघाली. चावीच्या टोकाला निळा दोरा आणि पुढे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या टोकाला पांढरा. आई म्हणाली, निळा संपला असेल तेव्हा. हीच वायर मला हवी होती. चावी फिरवली की हिच्यात करंट येतो, तोच मी नव्या कॉम्प्युटरला दिला. तो जागा होणार त्यावर.

आता हे सगळं कशासाठी, ते ऐक आणि हसू नकोस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ट्रंक डिकीतून परत काढताना एका बाजूला मी होतो. तेव्हापासून या घरात गाडीचा विषय निघाला की सगळे जमिनीकडे बघतात. मला ते संपवायचंय. वीस एप्रिलला तू ये. चावी एकदाच फिरवीन. पहिल्या फटक्यात स्टार्ट. मग मी तुला बंदरावर नेऊन आणीन. जहाज मिळणार नाही, पण ते साठ किलोमीटर तरी होतील. हे एवढ्यासाठीच आहे सगळं. तू बसली नाहीस तर मी एक चांगलं इंजिन वाया घालवलं असं समजेन.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ दाराबाहेर उभा असेल तर त्याला आत घे, बाहेर ऊन आहे.

तुझा,
धाकटा

ता. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद, या वेळी कायमचे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मुद्रितशोधकासारखं, चुका अकरा. दुसऱ्यांदा बहिणीसारखं. तिसऱ्यांदा फक्त आईचा भाग, आणि तो वाचताना चहा गार झाला. आपली आई! जी बसमध्ये चढताना ड्रायव्हरला विचारते की ही पुढे जाते ना! तिने अख्ख्या गाडीचं वायरिंग पाठ सांगितलं? मला तर आता वाटतं की ती मशीनवर बसून आपल्या सगळ्यांच्याच टोकांना दोरे बांधत असणार आणि आपल्याला पत्ता नाही.

तुझे भावोजी म्हणतात, जा. म्हणतात, सत्तावीस वर्षं एका गाडीवर रुसणं हा गाडीचा मान आहे, तुझा नाही. चष्मे विकणारा माणूस, अधूनमधून त्याला स्पष्ट दिसतं. मी त्यांना सांगितलं, तुम्ही गप्प राहा. ते लगेच राहिले. या विषयावर ते फार पटकन गप्प होतात, हा त्यांचा गुण.

तर अट अशी. मी अंगणात उभी राहीन. तू चावी एकदा फिरवशील. एकदाच. स्टार्ट घेतला तर मी बसेन. घुरघुरली, तर पुन्हा विषय काढायचा नाही, कधीच नाही. कॉम्प्युटरलाही हे समजावून ठेव.

बाबांना खुर्ची सावलीत ठेवायला सांग.

लोभ घरात घेतलाय, पण अजून पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसलाय.

तुझी,
ताई

ता. ६ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. बसून वाच.

चार दिवसांपूर्वी सगळं जोडून झालं. पंप, पेट्रोलची नळी, सेन्सर, फ्यूज, अर्थिंग दोनदा तपासलं. चावी फिरवली. स्टार्टर छान फिरला, इंजिन घुरघुरलं, पण स्टार्ट घेतला नाही. पुन्हा. पुन्हा. तेच. बाबा पाठ करूनच बसले होते. तिसऱ्या वेळी ते उठले आणि खुर्ची तिथेच टाकून आत गेले. आतलं शिवणाचं मशीनही थांबलं होतं. मला वाटलं, माझी फजिती बघवत नाही त्यांना.

मी आधी त्या शिष्ट कॉम्प्युटरवर संशय घेतला. चावी ओळखत नसेल. दोन दिवस मी त्याच्यापुढे हात जोडून बसलो होतो. मग लक्षात आलं, तो ओळखत नाही असं नाही, तो जागाच होत नाही. त्याला करंटच मिळत नाही. टेस्ट लॅम्प घेतला. निळ्या दोऱ्याच्या टोकाला लावला, लखलखीत. पांढऱ्याच्या टोकाला लावला, अंधार. एकच वायर, एका टोकाने करंट आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येत नाही. लिफ्टमध्ये असं झालं तर मी एकच गोष्ट शोधतो. मध्ये कुठेतरी कोणीतरी बटण बसवलंय.

वायरीच्या मागे मागे गेलो. ती डॅशबोर्डखालून खाली उतरते, सतरंजीच्या खालून जाते आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पोचते. तिथे, सीटच्या लोखंडी पट्टीच्या मागच्या अंगाला, बोट घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, एक पितळी खटका आहे. एका पायाला निळा दोरा, दुसऱ्याला पांढरा. गाठी बटणाला मारतात तशा, बारीक आणि नीटस.

मी खटका वर केला. चावी फिरवली. ताई, इंजिन इतक्या गुपचूप सुरू झालं की मला वाटलं बंद पडलं. इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, आणि मी सीटवर दगडासारखा बसलो. कारण तो आवाज. खटका खाली असताना येणारा तो घुरघुराट. मी तो बाराव्या वर्षी दोन तास ऐकला होता. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, बॅटरी नाही. गाडीला काही झालेलंच नव्हतं ताई. कोणीतरी ती बंद ठेवली होती.

खटका बसवणारा माणूस एकच असू शकतो. मी इंजिन बंद केलं, खटका परत खाली केला, आणि आत जाऊन सांगितलं की आज काही जमलं नाही. दोघांपैकी कोणीही मला विचारलं नाही की का.

मी काय करू, सांग.

तुझा,
धाकटा

ता. १० मार्च

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे.

धाकट्याला ड्रायव्हरच्या सीटखालचा खटका सापडला. त्याला रागावू नका, त्याने तुम्हाला विचारायचं धाडस केलं नाही, माझ्याजवळ आहे. मी पत्र दोन दिवस टेबलावर ठेवून छापखान्यात गेले, आणि माझ्या हातून एका लग्नपत्रिकेत वधूच्या वडिलांचं नाव वराच्या जागी गेलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांना वाटलं मी आजारी आहे.

बाबा, तुम्ही त्या सकाळी बाह्या वर करून दोन तास त्या इंजिनात डोकं घालून होतात. कपाळावर काळं लागलं होतं. शेवटी तुम्ही हात पुसत म्हणालात की नशीब, दुसरं काय. मला तेव्हा तुमची दया आली होती. गावातला सगळ्यात चांगला मिस्त्री, आणि त्याचीच गाडी त्याला दगा देते. मी गाडीला शिव्या दिल्या, कारण तुम्हाला देववत नव्हत्या.

मला फक्त एक कळू द्या. खटका तुम्ही बंद केला होता का? हो किंवा नाही. पुढचं लिहायला तुमची बोटं जाड आहेत, हे मला कळलंय.

लोभाबद्दल काही लिहीत नाही. उत्तर आल्यावर बघू.

आपली,
मुलगी

ता. १६ मार्च

चि. सौ. ताईस आशीर्वाद.

पत्र मिळालं. खटका मी बसवला. तेव्हा गाड्या चोरीला जायच्या, सगळे मिस्त्री असे चोरखटके बसवत. रात्री मी तो बंद करून झोपायचो आणि सकाळी चालू करायचो. त्या दिवशी पहाटे पाचला मी स्वतः चालू केला, कारण लवकर निघायचं होतं. मग सातला चावी फिरवली तर स्टार्ट नाही.

दहा मिनिटांत मला कळलं. मिस्त्री आहे मी. सीटखाली हात घातला, खटका खाली. नुसता वर करायचा होता. बंदर साठ किलोमीटर, वेळ भरपूर होता. मी केला नाही. हात बाहेर काढला आणि कार्बोरेटर खोलायला घेतला.

का केला नाही, ते विचारू नकोस. मी केला नाही, एवढं खरं. तेव्हा दोष माझाच. बाजारात लोक मला सत्तावीस वर्षं म्हणतात, स्वतःची गाडी चालू न करता आलेला मिस्त्री. मी ते ऐकून घेतलं, कारण ते मला पोचत होतं.

तुझ्या आईला काही लिहू नकोस. तिचा गुडघा दुखतो आहे.

जावईबापूंना नमस्कार. मनात असेल तर लोभ ठेव.

बाबा

ता. १७ मार्च

चि. सौ. पोरीस अनेक आशीर्वाद.

ह्यांच्या पाकिटांवर पत्ते मीच घालते हे ह्यांना चाळीस वर्षांत सुचलं नाही. पाकीट बंद करायच्या आधी मी वाचलं. दोन्ही पत्रं एकदमच टाकते आहे. ह्यांचं खरं आहे पण अर्धं आहे.

खटका मी खाली केला. सहा वाजता. तू आंघोळीला गेली होतीस. मी तुझा डबा गाडीत ठेवायला गेले आणि वाकले. कुठे आहे ते मला माहीत होतं, दोरे मीच बांधले होते. निळा संपला नव्हता. मध्ये काहीतरी आहे हे आपल्याला कळावं म्हणून दुसऱ्या टोकाला मुद्दाम पांढरा लावला होता. धाकट्याशी खोटं बोलले.

कारण मोठं नाही ग. तू जायला नको होतीस असंही नाही. मी तुझ्या ट्रंकेत सगळं भरलं होतं, सुया, बटणं, उन्हाळी पांघरूण. पण माझं मन तयार नव्हतं झालं. जहाज पंधरा दिवसांनी पुन्हा असतं असं तूच म्हणाली होतीस. मी म्हटलं, हे चुकेल, पुढचं मिळेल. मला पंधरा दिवस हवे होते. त्या लोकांनी जागा दुसऱ्याला दिली हे तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तू रडत होतीस. मला धीर झाला नाही, आणि मग रोज थोडा थोडा कमी होत गेला.

ह्यांनी सीटखाली हात घातला तेव्हा मी खिडकीत होते. ह्यांनी मान वर करून बघितलं. मी नको अशी मान हलवली. ह्यांनी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही. ह्यांना बोल लावू नकोस. बाजारात ह्यांचं जे झालं ते माझ्यामुळे झालं आणि ह्यांनी घरी येऊन ताट मागितलं, दुसरं काही नाही.

मला काय म्हणायचं ते म्हण. म्हणायला उशीर करू नकोस, आता वय झालं.

तुझी,
आई

ता. २५ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तुला उशीर नको होता आणि मी आठ दिवस लावले. तुझं पत्र छापखान्याच्या दारात वाचलं आणि तशीच घरी परत आले. इतकी वर्षं बरोबर राहून माणसं अशी? तू खिडकीत, बाबा सीटखाली, आणि मधे मी नवे बूट घालून उभी! पहिले दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की घसा बसला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या जावयांनी, जे या विषयावर सहसा बोलत नाहीत, चष्मा पुसता पुसता मला एकच विचारलं. म्हणाले, त्यांना स्कूटरचं सांगणार आहेस की नाही?

आई, आता तू बस.

त्या सकाळी साडेसातला, बाबांचं डोकं बॉनेटखाली होतं तेव्हा, शेजारचा मुलगा फाटकाशी आला होता. हाच, जो आता तुझा जावई आहे. त्याच्याकडे स्कूटर होती. तो म्हणाला, नवाच्या आत पोचवतो, ट्रंक मागून पाठवतील. मी म्हटलं, ट्रंकेशिवाय कशी जाऊ. तो म्हणाला, मग बांधतो मागे, दोरखंड आणलाय. आणलाही होता. मी म्हटलं, परक्याच्या स्कूटरवर बसून गेले तर लोक काय म्हणतील. मी! लोक काय म्हणतील हे मी आयुष्यात कधी विचारलं होतं का? त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला कळलं, आणि तो दोरखंड खांद्यावर टाकून निघून गेला. आठची बससुद्धा कोपऱ्यावर थांबून गेली. मी तिच्याकडे पाठ केली.

मला जायचं नव्हतं आई. तीन रात्री झोप नव्हती. नकाशे काढायचे होते, पण समुद्रापलीकडे एकटीने राहायची छाती नव्हती, आणि घरभर सगळे माझ्या हुशारीचं कौतुक करत होते, तेव्हा सांगणार कोणाला? सातला बाबांनी चावी हातात घेतली तेव्हा मी गाडीकडे बघून मनात म्हटलं, नको सुरू होऊस. आणि ती झाली नाही. मला वाटलं तिने ऐकलं. मी नंतर तिच्यात बसले नाही ते रागाने नाही. लाजेने. तिला सगळं माहीत होतं, असं वाटायचं.

तुम्ही त्याला राग समजलात आणि मी समजू दिलं. पुढे तर मला ते फार सोयीचं झालं. घरात माझ्या मनाविरुद्ध काही झालं की मी नुसतं गाडीकडे बघायचे आणि तुम्ही सगळे विरघळायचात. मोठी खोली मला. शेवटचा शब्द माझा. हाच मुलगा नवरा म्हणून हवा, तर तेही चाललं. दुसऱ्यांच्या चुकांखाली रोज लाल रेघ मारणारी बाई मी. ही माझी चूक तर पहिल्याच पानावर होती.

तू पंधरा दिवस मागितलेस. मी सत्तावीस वर्षं घेतली. आता मला काय म्हणायचं ते तू म्हण.

हे पत्र धाकट्याकडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घे. लोभाचं तुम्हीच बघा, मला मागायची सोय उरलेली नाही.

तुझी,
पोर

ता. २९ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळी नऊला आलं. तुझ्या हुकुमाप्रमाणे अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. पुढे काय झालं ते जसंच्या तसं कळवतो, कारण मी अजून धक्क्यातच आहे आणि लिहिलं नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

स्कूटरच्या जागी बाबांनी हात वर करून मला थांबवलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. दोरखंडापाशी पोचलो तेव्हा ते खुर्चीसकट वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड गाडीकडे झालं. मग त्यांनी आईला शांतपणे विचारलं की म्हणजे मी दोन तास धडधाकट कार्बोरेटर कोणासाठी खोलत होतो. आई आत मशीनवर, उघड्या खिडकीतून ऐकत कात्री चालवत राहिली. मी पत्र संपवलं. मला वाटलं, आता ही रडेल. तुझ्यावरचं ओझं उतरलं, माझ्यावरचं उतरलं, असं काहीतरी म्हणेल.

ताई, आई भडकली! मी तिला अशी कधीच बघितली नाही. कात्री टेबलावर आपटली. म्हणाली, सत्तावीस वर्षं मी या पोरीसमोर मान वर करून बोलले नाही, तिचं प्रत्येक खेकसणं गिळलं, तिच्या नवऱ्याला जेवायला वाढतानासुद्धा वाटायचं की हिचं आयुष्य मी बिघडवलं आणि हा बिचारा त्यात सापडला, आणि हा बिचारा दोरखंड घेऊन दारात उभा होता! बाबा मधेच म्हणाले, बाजारातलं माझंही धर त्यात. ती म्हणाली, तुमचं वेगळं मांडू, आधी तिचं.

आणि मी? मलाही कोणीतरी विचारा. मी एक अख्खं इंजिन बदललं, साठ वायरी चिठ्ठ्या लावून जोडल्या, एका शिष्ट कॉम्प्युटरच्या पाया पडलो, कशासाठी, तर गाडीमुळे ताईचं जहाज चुकलं म्हणून. इथे गाडी सोडून सगळ्यांनी ते चुकवलं होतं. त्या साखळीला टांगलेल्या जुन्या इंजिनाकडे मला बघवेना. घरात एकटं तेच निर्दोष निघालं.

तेवढ्यात आई चपला घालून बाहेर आली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. बाबांना म्हणाली, चला. बाबांनी विचारलं, कुठे. ती म्हणाली, तिच्याकडे. मला तिला समोर उभी करून काय म्हणायचं ते म्हणायचंय, पत्रात मावत नाही. बाबांनी माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. ते बसले, सवयीने सीटखाली हात घालून खटका वर केला, आणि मला विचारलं की हा कॉम्प्युटर म्हाताऱ्या माणसाचं ऐकतो का. मी म्हटलं, चावी असेल त्याचं ऐकतो. त्यांनी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात स्टार्ट. बाबा थोडा वेळ कान देऊन बसले. मग म्हणाले, आवाजच नाही, वाईट नाही. आणि गेले. दोघांपैकी एकाने तरी चल म्हणायचं, की नाही? मी हातात तुझं पत्र घेऊन फाटकाशी उभा.

तुझ्याकडे फोन केला तर कोणी उचलला नाही, म्हणून हे लिहितो आहे. दोनशे किलोमीटर आहे, संध्याकाळपर्यंत पोचतील, आणि हे पत्र तुला परवा मिळेल. तोवर तुमचं जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तेव्हा सल्ला देत नाही. भावोजींना म्हणावं, दारात तुम्हीच उभे राहा, सवय आहे.

इंजिन मी दोनदा तपासलंय, पेट्रोल भरलेलं आहे. तरीही ते पोचले नसतील आणि वाटेतून निरोप आला की गाडी बंद पडली आहे, तर ताई, आपल्या घराण्यात पहिल्यांदाच ती खरोखर बंद पडली आहे असं समज आणि न्यायला जा.

लोभ आता तुम्हा तिघांत वाटून उरला तर थोडा इकडे पाठवा.

तुझा,
धाकटा